मुळशी पेट्याचा नकार

(पौड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोकानुनयी चळवळी, आंदोलने आणि त्यांनी उदारमतवादी लोकशाहीपुढे उभे केलेले आव्हान, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. या विषयावर बोलणारे बहुतेक जण वॉशिंग्टनपासून निघतात. 6 जानेवारी 2021 ला निवडणूक हरलेल्या अध्यक्षांचे समर्थक अमेरिकेच्या संसदभवनात घुसले, तिथून सुरुवात. मग हंगेरी, मग ब्रेक्झिट, आणि वेळ उरलाच तर भारत. पौडमध्ये उभे राहून मला ते जमायचे नाही. मुळशीचे धरण इथून तासाभराच्या आत आहे, आणि या विषयातला जवळजवळ प्रत्येक अवघड प्रश्न त्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे.

तुम्हाला ही हकीकत घरच्याघरी ऐकून माहीत असेल. पण आज पुण्याहून आलेली तरुण मंडळीही समोर दिसताहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडवायचा, पश्चिमेला वळवायचा, कड्यावरून कोकणात सोडायचा आणि त्यातून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजघर 1915 मध्ये सुरू झाले. मग आंध्र खोऱ्याची योजना आली. मुळशीची तिसरी, 1919 मध्ये निघालेल्या टाटा पॉवर कंपनीची; तिचे वीजघर खाली भिऱ्याला. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण झाले की पन्नासच्या आसपास गावे उठणार होती. गावांचा आकडा पुस्तकागणिक थोडा बदलतो, माणसे मात्र दहा हजारांच्या घरात होती. बुडणार होती ती आंबेमोहराची खाचरे. जमीन ताब्यात येण्याआधीच कंपनीने लोकांच्या शेतांत चाचणीचे चर खणायला घेतले. पुढे 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, हजार-बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. कंपनीने सहा महिने काम बंद ठेवण्याचे मान्य केले. डिसेंबरात ते पुन्हा सुरू झाले आणि मग अटका, खटले, तुरुंग. हे 1924 अखेरपर्यंत चालले. पांडुरंग महादेव बापट यांना महाराष्ट्र 'सेनापती' म्हणू लागला तो या लढ्यापासून. धरण झाले. भिऱ्याचे वीजघर 1927 ला सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

आता प्रश्नाला हात घालू. लोकानुनयी राजकारण ओळखायचे कसे? यान-वेर्नर म्युलर या जर्मन अभ्यासकाने 2016 मध्ये या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याची कसोटी मला उपयोगी वाटते. उच्चभ्रूंवर टीका केली म्हणजे कुणी लोकानुनयी होत नाही. तसे असते तर आपले सगळे संत त्यात आले असते. खरा लोकानुनयी पुढारी म्हणतो की जनता म्हणजे आम्हीच, फक्त आम्ही. जो आमच्याबरोबर नाही तो जनतेतलाच नाही. एकदा हे मान्य केले की निवडणूक हरणे ही चोरी ठरते, न्यायालयाचा निकाल कारस्थान ठरतो आणि विरोधक देशद्रोही ठरतो. उदारमतवादी लोकशाहीचे वैशिष्ट्य असे की ती बहुमताला सत्ता देते, पण त्या सत्तेपुढे एकट्या माणसाला नाही म्हणायची जागा राखून ठेवते. लोकानुनय नेमकी ती जागा खातो.

ही कसोटी 1921 च्या मुळशीला लावून पाहा. जनता म्हणजे आम्हीच, असे तिथे कोण म्हणत होते? मावळे तर नक्कीच म्हणत नव्हते. ते म्हणत होते, हे खाचर माझे आहे, मला ते द्यायचे नाही. 'जान किंवा जमीन' या घोषणेत राष्ट्र नाही, समाज नाही. त्यात एक माणूस आहे आणि त्याची जमीन आहे. सगळ्यांच्या वतीने बोलत होते ते सरकार आणि कंपनी. मुंबईच्या गिरण्या, कोळशाची बचत, देशाची औद्योगिक प्रगती: लाखोंचे भले एका पारड्यात आणि पन्नास गावे दुसऱ्या पारड्यात. त्यातून कंपनी स्वदेशी. असहकाराच्या ऐन वर्षात विलायती कापडाच्या होळ्या पेटत असताना, टाटांचे नाव म्हणजे राष्ट्राचा अभिमान. ब्रिटिश कायद्याचा बडगा घेऊन भारतीय भांडवल भारतीय शेतकऱ्याच्या शेतात शिरले, हे कुणाच्याच ठरलेल्या गोष्टीत बसत नव्हते. पुण्यातल्या पुढाऱ्यांची तेव्हा जी चलबिचल झाली, तिचे एक मोठे कारण हेच.

गांधीजींनी एप्रिल 1921 मध्ये 'यंग इंडिया'त यावर लिहिले. कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न राहता टाटांनी लोकांशी बोलावे, आणि एका जरी गरीब माणसाच्या मनाविरुद्ध ही योजना होणार असेल तर तिच्या फायद्यांची किंमत काय, असा त्यांचा रोख होता. एका माणसाच्या मनाविरुद्ध! देशभर लाखोंची चळवळ चालवणारा माणूस इथे लाखांचा हिशेब बाजूला ठेवतो. मला हे त्यांच्या लिखाणातले सर्वांत उदारमतवादी वाक्य वाटते, आणि ते तुमच्या खोऱ्यावरून लिहिले गेले आहे.

कायद्याकडेही पाहायला हवे, कारण आंदोलने कायद्याचे राज्य मोडतात, ही तक्रार नेहमीची आहे. तो कायदा होता 1894 चा भूसंपादन कायदा. सरकारने सार्वजनिक प्रयोजन जाहीर केले की जमीन जाणार. वाद घालायचा तर फक्त पैशांवरून. संपादनच नको, असे म्हणायला मूळ कायद्यात जागाच नव्हती. कलकत्त्याच्या एझ्रा खटल्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते उघडे पडले होते. हरकतींची सुनावणी घेणारे कलम 5-अ त्यात घातले गेले 1923 मध्ये, म्हणजे मुळशीचे सत्याग्रही तुरुंगात जात होते तेव्हा. आणि मताचे म्हणाल तर 1920 ची निवडणूक मालमत्ता आणि शेतसारा पाहून मत देत होती. कुळाने कसणाऱ्या मावळ्याला मत नाही, सुनावणी नाही, कायदेमंडळात माणूस नाही. मग तो धरणाच्या पायावर बसतो. त्याने लोकशाहीला आव्हान दिले असे म्हणायला तिथे आधी लोकशाही असायला हवी होती.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे, टाळ्यांची आहे. पण इथे थांबलो तर सेनापतींच्या स्मृतीशी मी प्रामाणिक राहणार नाही.

मुळशीच्या बऱ्याच जमिनी कसत होते मावळे, पण त्या होत्या पुण्याच्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर. या मालकांना जमीन वाचवायची नव्हती, चांगला भाव हवा होता. भरपाई मालकाच्या हाती न जाता थेट कुळाला मिळावी, अशी भूमिका बापटांनी घेतली तेव्हा ही मंडळी लढ्याच्या विरोधातच गेली आणि त्यांनी कंपनीशी जुळवून घेतले. म्हणजे 'मुळशीचे लोक' असे एकसंध काही नव्हतेच. मालक होते, कुळे होती, शेतमजूर होते. पुण्याहून आलेले पुढारी होते आणि त्या पुढाऱ्यांतही बापट वेगळे, विनायकराव भुस्कुटे वेगळे, केळकरांचा 'केसरी' वेगळा. पुढे दिवस जाऊ लागले तसे बरेच मावळेही थकले. खाणारी तोंडे घरात, शेत जाणार हे दिसते आहे, समोर पैसे आहेत. एकेकाने भरपाई घेतली.

मग प्रश्न असा की ज्यांच्यासाठी लढा, त्यांच्यातले बरेच जण होकार देऊन मोकळे झाल्यावर लढा कुणाच्या नावाने चालवायचा? बापटांनी तो चालवला. सुरुवातीचा शिस्तबद्ध सत्याग्रह मागे पडत गेला. 1924 च्या डिसेंबरात बापट आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. या वेळी त्यांच्या हातात शस्त्रे होती. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. पारनेरात जन्मलेला हा माणूस, शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलेला, पॅरिसमध्ये रशियनांकडून बॉम्बची विद्या मिळवून आलेला. अहिंसा त्याने मनापासून आचरली, पण तिला अंतिम तत्त्व मानले नाही. त्या सहा-सात जणांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. तरीही मला वाटते, त्या दिवशी रुळांवर उभे होते ते मुळशीचे लोक नव्हते. मुळशीसाठी मरायला तयार झालेले काही थोर पुरुष होते. या दोन गोष्टींतले अंतर जो विसरतो, मग तो कितीही त्यागी असो, तो म्युलरच्या कसोटीत सापडण्याच्या बेतात असतो. त्याच्या त्यागामुळेच त्याला कुणी ते सांगायला धजत नाही.

तुरुंगातली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. येरवड्यात मुळशीच्या कैद्यांनी काम करायला नकार दिला, तेव्हा त्यांना फटके मारण्यात आले. शंकरराव देवांनाही फटके बसले. गांधीजी त्याच वेळी येरवड्यात शिक्षा भोगत होते. त्यांना हे कळल्यावर त्यांनी या कैद्यांशी बोलायची परवानगी मागितली, आणि त्यांचा रोख कैद्यांनी तुरुंगातले काम करावे असा होता. शिक्षा ओढवून घेतली की तिचे नियम पाळायचे, हा त्यांचा सत्याग्रहाचा अर्थ. आजच्या आंदोलकाला हे पचणार नाही. गुन्हे मागे घ्या, ही आता प्रत्येक आंदोलनाची ठरलेली मागणी असते. ती कधीकधी रास्तही असते, पण येरवड्यातल्या त्या हट्टामागचा विचार आपण हरवून बसलो आहोत.

आता अलीकडे या. ऑगस्ट 2011. त्या एका महिन्यात महाराष्ट्राने दोन आंदोलने पाहिली. दिल्लीत अण्णा हजारे यांचे उपोषण, 16 ते 28 ऑगस्ट, त्यातले बहुतेक दिवस रामलीला मैदानावर. अण्णांचे राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यातले, सेनापतींच्याच तालुक्यातले. आणि त्याआधी आठवडाभर, 9 ऑगस्टला, आपल्या शेजारी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर मावळचे शेतकरी पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले, त्यात एक बाई.

दिल्लीतल्या मंचावरून बोलत होता तो संपूर्ण देश. भ्रष्टाचाराला कोण विरोध करणार? शत्रू म्हणजे सगळे पुढारी. मागणी अशी की आम्ही लिहिलेला कायदा, आम्ही सांगितलेल्या तारखेच्या आत, संसदेने मंजूर करावा. जनसंसद ही संसदेहून मोठी, असे अण्णा म्हणत. तक्रार खोटी नव्हती. त्या वर्षांतले घोटाळे आठवा. पण पद्धत अशी की 'मला यातले काही मान्य नाही' असे म्हणणाऱ्याला जागाच उरत नव्हती. तो लगेच भ्रष्टांचा साथीदार. पुढे काय झाले? लोकपाल कायदा 2013 अखेरीस मंजूर झाला, आणि पहिला लोकपाल नेमला गेला तो मार्च 2019 मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्यासाठी कुठलेच मैदान भरले नाही. जनतेच्या नावावर जमलेला तो प्रचंड राग तोवर दुसऱ्यांच्या कामी आला होता.

बऊरचा दावा केवढासा होता. आमच्या उशाची नदी आहे, तिचे पाणी नळात घालण्याआधी आम्हाला विचारा. रस्ता अडवणे बेकायदा होते आणि त्याने अडकलेल्या प्रवाशांचे हाल झाले, हे मी नाकारत नाही. पण त्या मागणीने कुणाला जनतेबाहेर काढले नाही. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला पाणी नको, असे तिथे कुणी म्हणाले नव्हते. या दोन आंदोलनांपैकी लोकशाहीला धोका कोणता, असे त्या महिन्यात एखाद्या दिल्लीकर संपादकाला विचारले असते, तर त्याने बिनदिक्कत बऊरकडे बोट दाखवले असते: दगडफेक, जाळपोळ, रास्ता रोको. रामलीलेवर तर मेणबत्त्या होत्या. माझे मत उलटे आहे. शांततेवरून आंदोलनाची पारख होत नाही. ते किती मोठा दावा सांगते आणि दुसऱ्याच्या नकाराला जागा ठेवते की नाही, हे पाहावे लागते.

या मापातही सगळे नीट बसत नाही. आरक्षणाची आंदोलने घ्या. 2016 चे मराठा मूकमोर्चे इतके शिस्तीचे होते की मागे कचराही राहत नसे. पुढे अंतरवाली सराटीचे उपोषण, ओबीसींचे प्रतिमोर्चे, 2025 मध्ये आझाद मैदान. इथे मागणी माझ्या खाचरापुरती राहत नाही. माझ्या वाट्याला जे येईल ते शेजाऱ्याच्या वाट्यातून येईल अशी त्याला भीती असते. दोन्ही बाजूंना खरे दुखणे आहे, आणि दोन्ही बाजूंना मैदान भरता येते. मोठे मैदान कुणाचे यावर असा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी आयोग लागतो, आकडेवारी लागते, न्यायालय लागते. म्हणजे जी यंत्रणा रस्त्यावरच्या माणसाला संथ आणि कोरडी वाटते, तीच लागते.

ही यंत्रणा म्हटली की बाबासाहेबांच्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणाशी यावेच लागते. संविधान सभेत त्यांनी सांगितले की घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर असहकार, कायदेभंग, सत्याग्रह हे मार्ग सोडून दिले पाहिजेत; ते अराजकाचे व्याकरण आहे. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दलही बजावले. पण आंदोलकांना गप्प करू पाहणारे तो भाग सहसा वाचून दाखवत नाहीत. हे सांगणारा माणूस कोण? ज्याने 1927 ला महाडच्या तळ्यावर आणि 1930 पासून काळारामाच्या दारात सत्याग्रह केला, तो. त्यामुळे त्या वाक्यातली अट महत्त्वाची आहे: मार्ग खुले असतील तर.

तर ते खुले झाले का? मत मिळाले, ते फार मोठे होते. पण भूसंपादनाचा 1894 चा कायदा प्रजासत्ताक आल्यावरही राहिला, दुरुस्त्यांसह, 31 डिसेंबर 2013 पर्यंत. कोयना, उजनी, पानशेत, पवना, सगळी धरणे त्याच कायद्यावर. 'आधी पुनर्वसन, मग धरण' हे बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारख्यांना रस्त्यावर उतरून म्हणावे लागले, तेव्हा कुठे महाराष्ट्राने 1976 मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला. आणि तुमच्याच तालुक्यात मोसे खोऱ्यात 2008 मध्ये लवासाच्या कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले, म्हणजे बांधकाम कुठे आणि किती व्हावे हे ठरवण्याचा अधिकार बांधकाम करणाऱ्याकडेच गेला. काही वर्षांनी तो दर्जा काढून घेतला, तोवर डोंगर कापून झाला होता. रस्त्यावर न उतरता, एकही काच न फुटता, लोकांनी निवडून दिलेल्यांचा अधिकार असा सहीशिक्क्याने एका कंपनीकडे जातो, तेव्हा त्याला अराजक कुणी म्हणत नाही.

राज्याला मात्र काळजी आंदोलकांची. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. डाव्या जहालवादी संघटनांसाठी ते आहे, असे सरकारने सांगितले. त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, मुख्यतः एका भीतीपोटी: संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार प्रशासनाकडे असला की उद्या धरणग्रस्तांची संघटनाही त्यात ओढता येईल. सरकार म्हणते, तसे होणार नाही. मी वयाने एवढा मोठा आहे की आणीबाणीतली आश्वासने मला आठवतात.

शेवटी 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याबद्दल, कारण त्यातला एक बारकावा तुम्हा मंडळींशी बोलल्याशिवाय मला इथून जाता येणार नाही. या कायद्याने मुळशीच्या मावळ्याची मागणी नव्वद वर्षांनी तत्त्वतः मान्य केली: खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती हवी, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर सत्तर टक्क्यांची. पण ही टक्केवारी मोजताना धरतात कुणाला? ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना, आणि ज्यांना सरकारने जमीन दिली आहे त्यांना. कूळ, शेतमजूर, वाट्याने कसणारा यांची गणती कायदा बाधितांत करतो, पुनर्वसनही देतो. संमती मात्र त्यांची विचारत नाही. म्हणजे 1921 मध्ये पुण्याचा सावकार आणि मुळशीचे कूळ यांच्यात जी रेघ होती, ती आजच्या कायद्यातही आहे. शिवाय एमआयडीसीचा 1961 चा कायदा वेगळा. हिंजवडीच्या जमिनी गेल्या त्या त्या वाटेने. तालुक्यात पुढचे संपादन निघेल तेव्हा ते कुठल्या कायद्याखाली आहे हे पहिल्या नोटिशीतच पाहा, आणि ग्रामसभेच्या ठरावात सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची हरकतही लिहून घ्या. अधिकारी ती मोजणार नाही. पण ती कागदावर असली, तर त्याला न मोजण्याचे कारण लिहावे लागेल.